सॉनी चिबा : पडणाऱ्यांची तालीम काढणारा नट

जुना_पडदा

'किल बिल'च्या पहिल्या भागात ओकिनावातलं एक छोटंसं सुशीचं दुकान आहे. मालक काउंटरवर बसलेल्या परदेशी बाईशी गोड गोड बोलतोय आणि मध्येच आतल्या टकल्या मदतनिसावर खेकसतोय, साके (तांदळाची जपानी दारू) आण म्हणून. मदतनीस ढिम्म. शेवटी बाहेर येतो तो भांडायलाच. इतकी वर्षं तू मासे करतोस आणि मी साके वाढतो, सैन्यात असतो तर एव्हाना जनरल झालो असतो. त्यावर मालक म्हणतो, तू जनरल असतास तर मी सम्राट असतो, आणि साके तेव्हाही तूच आणली असतीस.

हा मालक म्हणजे तलवारी घडवणं सोडून दिलेला हात्तोरी हान्झो, आणि ते काम केलंय सॉनी चिबाने. मदतनीस झालाय केन्जी ओबा. हा ओबा खऱ्या आयुष्यातही चिबाचा चेला, त्याच्याच तालमीत तयार झालेला. म्हणून ते भांडण इतकं मुरलेलं वाटतं. आपल्याकडे चिबा बहुतेकांना माहीत आहे तो या प्रसंगामुळे, नाहीतर 'टोकियो ड्रिफ्ट'मधल्या याकुझा (जपानी गुन्हेगारी टोळीवाल्या) काकामुळे. मला लिहायचंय ते त्या तालमीबद्दल. चिबाने पडद्यावर किती जणांना लोळवलं यापेक्षा त्याने लोळणाऱ्यांसाठी काय केलं, हे मला त्याचं खरं मोठेपण वाटतं.

जन्म जानेवारी १९३९ चा, फुकुओकाचा. खरं नाव सादाहो माएदा. वडील लष्करात विमानांच्या चाचण्या घेणारे वैमानिक. पोरगा लहान असतानाच कुटुंब चिबा प्रांतात किमित्सुला आलं, पडद्यावरचं आडनाव त्या प्रांताचंच. शाळेपासून जिम्नॅस्टिक्सचं वेड. ऑलिंपिकला जायचं ठरवून तो टोकियोच्या क्रीडा विद्यापीठात दाखल झाला आणि पाठीच्या दुखापतीने सगळं तिथेच थांबलं. १९५९ मध्ये तोएई या चित्रपट कंपनीने नव्या चेहऱ्यांसाठी घेतलेल्या निवडीत त्याचा नंबर लागला. सुरुवातीला टीव्हीवर मुखवटेवाले नायक, मग सिनेमात अंतराळवीर वगैरे. १९६१ मध्ये किन्जी फुकासाकु या दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटात तो नायक होता. ही जोडी पुढे कित्येक वर्षं टिकली.

याच काळात तो मासुतात्सु ओयामांकडे कराटे शिकत होता. ओयामा म्हणजे क्योकुशिन कराटेचे संस्थापक, मूळचे कोरियन, बैलांशी झुंजलेले म्हणून गाजलेले. क्योकुशिनमध्ये लुटुपुटूचं काही नसतं, अंगावर पूर्ण जोराने मारायचं आणि खायचं. चिबाला १९६५ मध्ये काळा पट्टा मिळाला. पुढे १९७५ ते १९७७ मध्ये त्याने पडद्यावर खुद्द ओयामांचीच भूमिका केली, एक नाही तर ओळीने तीन चित्रपटांत.

त्याला घराघरात नेलं ते १९६८ ते १९७३ चाललेल्या 'की हंटर' या टीव्ही मालिकेने. आंतरराष्ट्रीय गुन्हे उलगडणारी टोळी, धावत्या गाड्या, उंचावरून उड्या, आणि चिबा हे सगळं स्वतः करायचा. याच मालिकेतली सहकलाकार योको नोगिवा पुढे त्याची बायको झाली.

आता मुद्द्यावर येतो. जपानी सिनेमात तलवारबाजीची परंपरा जुनी. तलवारीचा घाव खाऊन मरण्यात आयुष्य घालवलेले कसबी नट तिथल्या स्टुडिओंत पिढ्यान् पिढ्या होते. पण आधुनिक मारधाड वेगळी. गच्चीवरून खाली येणं, मोटारीच्या टपावरून घसरणं, पेटलेल्या खोलीतून बाहेर येणं, हे शिकवणारं कुणी नव्हतं. जो तयार होईल त्याला पुढे करायचं, हाड मोडलं तर त्याचं नशीब. जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या माणसाला हे बघवलं नसणार. शरीर चुकीच्या कोनात जमिनीला टेकलं तर काय होतं ते त्याने स्वतःच्या पाठीवर भोगलं होतं. १९७० मध्ये त्याने जपान ॲक्शन क्लब काढला, जेएसी या नावाने सगळे ओळखतात तो. जिम्नॅस्टिक्स, कराटे, तलवार, घोडेस्वारी, आणि त्याच्या बरोबरीने अभिनय. फाईट करणारा हाही नटच, हा आग्रह पहिल्यापासून.

त्या तालमीतून निघालेली माणसं बघा. एत्सुको शिहोमी, जपानी कराटेपटांची पहिली मोठी नायिका. केन्जी ओबा, १९८२ च्या 'स्पेस शेरीफ गावान'चा नायक. आणि हिरोयुकी सानादा. हो, 'शोगुन' या टीव्ही मालिकेतला तोरानागा. सानादा पाच वर्षांचा असताना १९६६ मध्ये बालकलाकार म्हणून चिबाच्याच चित्रपटात पहिल्यांदा उभा राहिला, आणि मोठा होताना तालमीत आला.

१९७४ हे चिबाचं वर्ष. ब्रूस ली १९७३ च्या जुलैत गेला, 'एंटर द ड्रॅगन' जपानात डिसेंबरमध्ये लागला आणि लोक वेडे झाले. तोएईने लगेच चिबाला घेऊन 'द स्ट्रीट फायटर' काढला, एकाच वर्षात त्याचे तीन भाग आले. ताकुमा त्सुरुगी हा भाडोत्री गुंड, नीतिमत्ता शून्य. पहिल्याच प्रसंगात तो भिक्षूच्या वेषात तुरुंगात शिरून फाशीच्या कैद्याला असा ठोसा मारतो, की थोड्या वेळाने तो बेशुद्ध पडावा आणि फाशीऐवजी इस्पितळात जावा. पुढे एका हाणामारीत पडदा एकदम क्ष-किरणांच्या चित्रात बदलतो आणि कवटीला तडा जाताना दिसतो. अमेरिकेत न्यू लाइन या वितरकाने तो आणला तेव्हा निव्वळ हिंसेसाठी एक्स (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळालेला हा पहिला चित्रपट ठरला. नंतर बराच कापून पुन्हा लावला. 'किल बिल'वाल्या टॅरंटिनोने लिहिलेल्या 'ट्रू रोमान्स'चा नायक वाढदिवसाला थिएटरात जाऊन बघतो ते हेच तीन भाग.

पण चिबा नट म्हणून केवढा होता हे बघायचं तर १९७५ चा 'द बुलेट ट्रेन' बघावा. टोकियोहून हाकाताला निघालेल्या गाडीत बॉम्ब आहे, वेग ताशी ८० किलोमीटरच्या खाली गेला की फुटणार. त्याच वर्षी मार्चमध्ये शिनकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, हाकातापर्यंत पोहोचली होती, त्यामुळे विषय ताजा. रेल्वेने सहकार्य नाकारलं म्हणून सेट आणि छोट्या प्रतिकृती बांधून काम भागवलं. बॉम्ब ठेवणारा झालाय केन ताकाकुरा. आणि चिबा? तो मोटरमन. अख्ख्या सिनेमाभर खुर्चीत. एक लाथ नाही, एक उडी नाही. नियंत्रण कक्षातून येणारा आवाज ऐकायचा, वेगाच्या काट्याकडे बघायचं आणि हँडलवर हात ठेवून बसायचं. ज्याचं सगळं नाव शरीरावर उभं आहे, त्या नटाने गळ्याच्या शिरा, घाम आणि आवाज एवढ्यावर तासच्या तास ओढून नेलेत.

क्लबचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १९९० मध्ये चिबाने स्वतः दिग्दर्शन केलं, माणसं खाणाऱ्या अस्वलाची शिकार हा विषय, नायक सानादा. चित्रपट पडला. पुढे क्लबही त्याच्या हातून गेला. संस्था मोडली नाही, जेएई या नावाने आजही चालू आहे. चिबा अमेरिकेला गेला, हाँगकाँगमध्ये 'द स्टॉर्म रायडर्स' केला, 'किल बिल'मध्ये काम तर केलंच, शिवाय कलाकारांना तलवारही शिकवली. १९ ऑगस्ट २०२१ ला कोविडने किमित्सुच्या इस्पितळात गेला. ८२ वर्षांचा होता.

ज्यांनी त्याचे चित्रपट पाहिलेत त्यांनी लिहावं. विशेषतः कराटे शिकलेल्यांनी.

---

सांजवेळ

वाचनखूण साठवली. एक शंका. 'पॉवर रेंजर्स'मध्ये मुखवटे घालून मारामारी करणारे हेच लोक का? आमच्या घरी नव्वदच्या दशकात केबलवर दुसरं काही चालायचंच नाही.

---

जुना_पडदा

@सांजवेळ, हो, बरेचसे तेच. 'पॉवर रेंजर्स' ही अमेरिकन मालिका, पण त्यातली मुखवट्यातली दृश्यं १९९२ च्या 'झ्युरेंजर' या तोएईच्या जपानी मालिकेतून उचललेली. अमेरिकेत मुख्यतः मुखवटा काढल्यानंतरचा शाळेचा भाग चित्रित व्हायचा. तोएईच्या या रंगीत पोशाखवाल्या मालिकांत मुखवट्यामागे जेएसीची माणसं असायची. तेव्हा पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात ज्या पोरांनी सोफ्यावरून उड्या मारल्या, त्यांनी चिबाच्या चेल्यांचीच नक्कल केली, फक्त त्यांचं तोंड कधी दिसलं नाही.

---

खडकी_दोजो

कराटेवाल्यांना हाक मारलीत म्हणून लिहितो.

'स्ट्रीट फायटर' बघताना लोकांना चिबाचा श्वास विचित्र वाटतो. घशातून घरघर, डोळे तारवटलेले, बोटं वाकडी, तोंड वेडंवाकडं. बऱ्याच परीक्षणांत याला अतिरंजित अभिनय म्हटलेलं आहे. अभिनय आहेच, पण पाया खरा आहे. याला इबुकी म्हणतात. सान्चिन हा काता (ठरावीक हालचालींचा क्रम) करताना आम्हाला हा श्वास शिकवतात. पायाची बोटं आत, गुडघे किंचित वाकलेले, खांदे खाली सोडलेले. श्वास नाकाने थेट पोटात घ्यायचा आणि मग पोट आवळत घशातून सावकाश, आवाज करत पूर्ण बाहेर टाकायचा. शेवटचा उरलेला श्वास एका झटक्यात. त्या वेळी शिक्षक मांडीवर, खांद्यावर, पोटावर फटके मारून बघतात, कुठे सैल राहिलंय का ते. नीट झालं असेल तर फटका लागतो पण आत जात नाही.

चिबा हे लढाईच्या मधोमध करतो, मार खाऊन उठताना. खऱ्या लढतीत कुणी इतका वेळ देणार नाही हे मान्य. पण मार लागल्यावर श्वास परत जागेवर आणायचा ही धडपड खरी आहे आणि ती त्याने कॅमेऱ्याला दिसेल एवढी मोठी केली. ब्रूस लीची किंचाळी त्याची त्याची होती, ही घरघर चिबाची.

ओयामांच्या भूमिकेतले तीनही बघितलेत. पहिला, बैलावाला, आजही अंगावर येतो. दुसऱ्यातलं अस्वल म्हणजे उघड उघड अस्वलाचं कातडं पांघरलेला माणूस आहे, तो प्रसंग फसलाय. पण त्यातही चिबाची पावलं बघा, एकही पाऊल चुकीचं पडत नाही.

---

मनवा_रा

लेख उत्तम, पण 'स्ट्रीट फायटर'बद्दल हात राखून लिहिलंय असं वाटलं. मी तो कौतुकाने बघायला घेतला आणि अर्ध्यात बंद केला. कैद्याचे भाऊ-बहीण ठरलेले पैसे देऊ शकत नाहीत, तर हा नायक त्या बहिणीला याकुझांना विकतो! पुढे एका बलात्काऱ्याला तो अमानुष शिक्षा करतो आणि तिथे आपण टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा आहे. एका बाईला विकणारा आणि दुसऱ्या बाईसाठी धावणारा हा एकच माणूस कसा, याची चित्रपटाला पर्वाच नाही. हिंसेपेक्षा मला ते जास्त खटकलं. नटाच्या गौरवात हे झाकून जाऊ नये.

---

जुना_पडदा

@मनवा_रा, झाकायचं नाहीच. त्सुरुगी हा पशू आहे आणि चित्रपट त्याच्याकडे खुनशी आनंदाने बघतो. हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

फक्त एक गोष्ट सांगतो, बचाव म्हणून नाही. विकली जाते ती बहीण कोण आहे? एत्सुको शिहोमी. चिबाच्या तालमीतली मुलगी, तेव्हा विशीच्याही आतली. आणि त्याच वर्षी, १९७४ मध्येच, 'सिस्टर स्ट्रीट फायटर' आला. त्यात ती नायिका आणि चिबा दुय्यम भूमिकेत. आपल्या बेपत्ता भावाला शोधायला निघालेली मुलगी, एकटी टोळीला भिडते. तिच्या लाथा तिच्याच आहेत, मागून कुणी पुरुष विग घालून मारत नाहीये. त्याचे पुढचे भाग निघाले ते तिच्या नावावर. त्या काळातल्या जपानी स्टुडिओत कोवळ्या मुलीवर पैसे लावायला तोएई तयार झाली, कारण तिला शिकवणारा माणूस स्वतः पडद्याच्या कडेला उभं राहायला तयार होता. तुम्ही पहिला अर्ध्यात सोडलात ते योग्यच, पण हा नक्की बघा.

---

शेंदरी

मनवा यांच्याशी सहमत, आणि धागाकर्त्याच्या उत्तराशीही.

अवांतर: 'पल्प फिक्शन'मध्ये सॅम्युअल जॅक्सन गोळ्या घालण्याआधी बायबलमधला एझेकिएलचा उतारा म्हणून जे भाषण ठोकतो, ते बायबलात तसं नाही. त्याचा बराचसा मजकूर चिबाच्या 'द बॉडीगार्ड' या चित्रपटाच्या अमेरिकन आवृत्तीच्या सुरुवातीला झळकतो. तिथे शेवटी परमेश्वराच्या जागी चिबाचं नाव येतं. टॅरंटिनोने तिथून उचललं.

---

मुक्काम_योकोहामा

इकडे नोकरीनिमित्त राहतो, म्हणून थोडी भर. जपानात 'सॉनी' म्हटलं तर साठीच्या माणसाला पटकन कळत नाही. इथे तो शिनइची चिबा. माझ्या ऑफिसातले वयस्कर सहकारी 'की हंटर' आणि 'कागे नो गुन्दान' यांची नावं घेतात, 'स्ट्रीट फायटर'चं क्वचितच.

'कागे नो गुन्दान' ही १९८० पासूनची निंजा मालिका. चिबा त्यात पहिल्या पर्वात हात्तोरी हान्झो. वरवर साधा पोटापाण्याचा धंदा करणारा माणूस आणि रात्री निंजांचा म्होरक्या. पुढच्या पर्वांत काळ बदलतो, म्होरक्याही बदलतो, नट तोच. 'किल बिल'मधला सुशीवाला हान्झो सरळ या वंशावळीतला आहे. ओबाही त्या मालिकेत होता, तेव्हा त्या दुकानातल्या भांडणाला जपानी प्रेक्षकाच्या लेखी आणखी एक पदर आहे.

फुकासाकुंचा उल्लेख आलाय तर त्यांच्या 'बॅटल्स विदाउट ऑनर अँड ह्युमॅनिटी' या याकुझापटांच्या मालिकेतला 'हिरोशिमा डेथ मॅच' सांगायलाच हवा, १९७३ चा. चिबाला त्यात आधी यामानाकाची भूमिका होती, प्रेमात पडलेल्या, टोळीने वापरून फेकलेल्या मारेकऱ्याची. ऐन वेळी अदलाबदल झाली, ती किन्या कितोओजीकडे गेली आणि चिबाच्या वाट्याला आला ओतोमो. काळा चष्मा, पनामा टोपी, तोंडात घाणेरडी शिवी, सतत मांड्या खाजवणारा गावगुंड. नको असलेली भूमिका माणसाने अशी करावी! आज त्या पाच भागांच्या मालिकेतली लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिलेली पात्रं मोजली तर ओतोमो त्यात येतोच. कराटे नावालाही नाही.

---

प्रदीप_ठाणे

सगळं खरं, तरी ब्रूस लीच्या पंगतीत चिबाला बसवता येणार नाही. लीच्या हालचालीत एक रेषा आहे, शुद्ध. चिबाच्या मारामारीत धसमुसळेपणा आहे, आणि कॅमेरा इतका हलतो की अर्धं दिसत नाही.

---

खडकी_दोजो

@प्रदीप_ठाणे, धसमुसळेपणा आहे, पण तो त्या शैलीचाच आहे. क्योकुशिनची लढत जवळून होते, छातीला छाती लावून. ठोसे बरगड्यांवर, लाथा मांड्यांवर. ती दिसायला सुंदर नसते. कॅमेऱ्याचं म्हणाल तर तो सत्तरच्या दशकातला तोएईचा हातात धरलेला कॅमेरा आहे, त्यांचे याकुझापटही तसेच दिसतात. 'शोगुन्स सामुराई' (१९७८) बघा. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला याग्यू ज्युबेई. तिथे तलवार आहे, अंतर आहे, कॅमेरा स्थिर आहे. तुम्ही म्हणता ती रेषा तिथे सापडेल.

---

कवडसा

मी या धाग्यावर उलट्या दिशेने पोहोचले. मुलगा 'वन पीस'चा भक्त. त्यातला तीन तलवारींचा झोरो म्हणजे मॅकेन्यू, चिबाचा मुलगा. ती मालिका ऑगस्ट २०२३ ला आली, वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे झोरोच्या बाबांचे सिनेमे आहेत? तेव्हापासून यादी करतोय.

सानादाबद्दल थोडं. 'शोगुन'ला पहिल्या पर्वासाठी १८ एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) मिळाले. प्रमुख नटाचा सानादाला, आणि सर्वोत्कृष्ट मालिकेचाही, इंग्रजी नसलेल्या मालिकेला पहिल्यांदाच. मालिकेचं बक्षीस घेताना तो जपानीत बोलला. ऐतिहासिक चित्रपटांची परंपरा ज्यांनी आजवर जपली, सांभाळली, त्यांचे आभार मानले, त्यांच्याकडून घेतलेली आस आणि स्वप्नं समुद्र ओलांडून गेली असं म्हणाला. कुणा एकाचं नाव घेतलं नाही. पण तो या मालिकेचा निर्माताही होता, आणि कॅनडात चित्रीकरण असताना विग, पोशाख, चालणं-बसणं, तलवार, प्रत्येक गोष्टीसाठी जपानहून जाणकार माणसं आणायला त्याने लावली. हे वळण तालमीतलंच, असं हा धागा वाचल्यावर वाटतंय. त्या १८ मध्ये स्टंट कलाकारांचाही एक आहे.

---

शेंदरी

@कवडसा, चांगलं लक्षात आणून दिलंत. एमीमध्ये स्टंटसाठी बक्षीस आहे, ऑस्करमध्ये इतकी वर्षं नव्हतंच. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालं की २०२७ च्या चित्रपटांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यापासून ते दिलं जाईल. चिबाने क्लब काढला १९७० मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

---

सांजवेळ

नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी? रक्त फार बघवत नाही.

---

जुना_पडदा

@सांजवेळ, मग 'द बुलेट ट्रेन'. जपानी आवृत्ती अडीच तासांची आहे, तीच बघा. परदेशासाठी कापलेल्या आवृत्तीत बॉम्ब ठेवणाऱ्यांची सगळी पार्श्वभूमी गेलीये आणि ताकाकुराचं पात्र अर्धं उरलंय. त्यानंतर १९८३ चा 'लेजंड ऑफ द एट सामुराई'. दिग्दर्शक फुकासाकु, आठ योद्ध्यांची परीकथा, राक्षसीण, शापित किल्ला, घरातल्या मोठ्या मुलांबरोबर बघता येईल असा. त्यात चिबा, सानादा, शिहोमी आणि ओबा चौघेही आहेत, म्हणजे गुरू आणि त्याचे तीन मोठे शिष्य एका चित्रपटात. शिहोमी त्यात तलवार घेऊन जे करते ते चुकवू नका, आणि घोड्यांच्या प्रसंगांत मागच्या रांगेतल्या माणसांकडेही बघा. 'खडकी_दोजो' यांनी सान्चिनवर स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती.